टक्का मोठा की खप मोठा?
शिरूर-दौंडच्या व्यापारी घरांत आलेल्या नव्या आडतीचा हिशेब

व्यापारी घराण्यातील मुलाला टक्केवारी शाळेपूर्वीच येते. गल्ल्याशेजारी बसून तो वटाव, कसर, दलाली हे शब्द ऐकत मोठा होतो. मात्र टक्केवारी येणे आणि टक्क्याचा अर्थ कळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली पाढ्यांनी साधते. दुसरीसाठी काही दिवाळ्यांचे वहीपूजन पाहावे लागते. हा भेद नव्याने आठवण्याचे कारण असे की, आपल्या घरांतील तरुण मुले, मुली आणि सुना आता मोबाईलवरून एक नवी आडत करू लागल्या आहेत. तिला अ‍ॅफिलिएट योजना असे म्हणतात.

योजनेचे स्वरूप सोपे आहे. एखादी कंपनी आपल्याला एक खास लिंक देते. ती लिंक आपण परिचितांना, वाचकांना किंवा आपला व्हिडिओ पाहणाऱ्यांना देतो. त्यांपैकी कोणी तिच्यावरून खरेदी केली, तर विक्रीच्या रकमेवर आपल्याला ठरलेले कमिशन मिळते. माल आपला नाही, गोदाम आपले नाही, उधारी आपली नाही. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत जुलै १९९६ मध्ये पुस्तकांच्या विक्रीसाठी सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. आज कपडे, भांडी, औषधे, विमा, शिकवण्या, संगणकीय सेवा अशा असंख्य वस्तूंसाठी शेकडो योजना उपलब्ध आहेत. अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. एक योजना ४ टक्के देते, दुसरी १०, तिसरी ४०. मग ४० टक्के सोडून ४ टक्के कोण घेईल?

उत्तर वाटते तितके सरळ नाही, आणि ते आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते.

आडतीने शिकवलेला धडा

शिरूर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचे घोडनदी, आणि भीमेकाठचे रेल्वे जंक्शन दौंड, या दोन्ही गावांची बाजारपेठ भोवतालच्या शेतीवर उभी आहे. कांदा, ऊस, गूळ, धान्य आणि त्यांच्या आधाराने चालणारी कापड, किराणा, सराफी, भांडी, औषधे यांची दुकाने. यात आडत्याचे स्थान विशेष. आडत्या माल विकत घेत नाही. शेतकऱ्याचा माल तो लिलावात उभा करतो, खरेदीदार मिळवून देतो, तोलाई-हमालीचा हिशेब मांडून पट्टी करतो आणि आपली आडत घेतो. आजची अ‍ॅफिलिएट योजना म्हणजे मुळात हीच आडत होय. फक्त ओट्याच्या जागी पडदा आला आहे.

आडतीचा टक्का सर्वांना जवळपास सारखाच असतो. तरीही एका गाळ्यावर पहाटेपासून गाड्यांची रांग लागते आणि शेजारच्या गाळ्यावर माशा उडतात. कारण आडत्याची कमाई टक्क्यावर ठरत नाही. ती त्या टक्क्याखालून किती माल गेला यावर ठरते. आणि माल कोणाकडे जातो? ज्याची पट्टी स्वच्छ, ज्याचा पैसा वेळेवर आणि ज्याच्याकडे खरेदीदार खरोखर येतात त्याच्याकडे.

याच व्यवसायाने आणखी एक धडा दिला आहे. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्यादेश काढून फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. त्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातील कांदा बाजारांसह अनेक ठिकाणी लिलाव बंद राहिले. त्या निर्णयाच्या बऱ्या-वाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, टक्का किती आणि तो कोणी द्यायचा हे ठरवणारा हात आपला नसतो. तो शासनाचा असेल, बाजार समितीचा असेल किंवा कंपनीचा असेल. एका कागदाने तो सारे बदलू शकतो. आपल्या हाती राहतो तो गिऱ्हाईक.

नव्या आडतीतही नेमके असेच घडले आहे. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतील आपल्या योजनेचे दर अचानक उतरवले. फर्निचर व घरसामानावरील ८ टक्क्यांचे ३ टक्के झाले, किराण्यावरील ५ टक्क्यांचा १ टक्का झाला. सूचना आली आणि सुमारे आठवड्यात दर लागू झाले. ज्यांनी केवळ त्या ८ टक्क्यांच्या भरवशावर घरखर्च बांधला होता, त्यांचे उत्पन्न तितक्याच खपावर निम्म्याहून खाली आले. ज्यांच्याजवळ स्वतःचा वाचकवर्ग होता, त्यांना निदान दुसऱ्या योजनेकडे वळता आले.

एका हजाराचा हिशेब

आता प्रत्यक्ष गणित मांडू. पुढील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. आपापल्या वहीतील आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करावा.

समजा, आपल्या लिंकवर एका महिन्यात १,००० जणांनी बोट ठेवले. योजना पहिली : ५,००० रुपयांची ऑनलाइन शिकवणी, कमिशन ४० टक्के. म्हणजे एका विक्रीस २,००० रुपये. योजना दुसरी : घरगुती वापराच्या वस्तू, सरासरी खरेदी १,२०० रुपयांची, कमिशन ४ टक्के. म्हणजे एका विक्रीस अवघे ४८ रुपये. पाहणारा लगेच पहिलीकडे धावेल.

परंतु हजारांतून किती जण खरेदी करतात हे अजून पाहिलेच नाही. लिंकवर आलेल्यांपैकी प्रत्यक्ष खरेदी करणाऱ्यांचे जे प्रमाण, त्यालाच या व्यवसायात कन्व्हर्जन म्हणतात. महाग शिकवणी हजारांत एखादाच घेतो असे धरले, तर पहिली योजना महिन्याला २,००० रुपये देते. घरगुती वस्तू हजारांत ४० जणांनी घेतल्या, तर ४० गुणिले ४८, म्हणजे १,९२० रुपये. त्यांतून दहाव्या हिश्शाचा माल परत गेला असे धरले, तर १,७२८ उरतात. दोन्ही योजना जवळजवळ एका पातळीवर आल्या. एकीकडे ४० टक्के, दुसरीकडे ४. आणि हाती येणारी रक्कम सारखीच!

आता जोखीम पाहा. पहिल्या योजनेत तो एकच खरेदीदार या महिन्यात आला नाही, तर मिळकत शून्य. त्याने मुदतीत पैसे परत मागितले, तरी शून्य. दुसऱ्या योजनेत ४० ऐवजी ३० विक्री झाल्या, तरी घरात काही तरी येते. शिवाय ४० घरांत आपल्या सांगण्यावरून वस्तू पोहोचली, आणि ती चांगली निघाली, तर पुढच्या वेळी ती ४० घरे आपले ऐकतील. एकाच शिकवणीने असे नाते जुळत नाही.

म्हणून दोन योजनांची तुलना टक्क्याशी टक्का लावून करू नये. दर शंभर किंवा हजार लिंक-भेटींमागे सर्व वजा जाता किती रुपये हाती येतात, हा एकच आकडा तराजूच्या दोन्ही पारड्यांत ठेवावा. तो काढण्याची रीत अशी : एकूण भेटी, गुणिले खरेदीचे प्रमाण, गुणिले सरासरी खरेदीची रक्कम, गुणिले कमिशनचा दर, आणि आलेल्या रकमेतून परत गेलेल्या मालाचा हिस्सा वजा. पाच आकड्यांपैकी एकही विसरला तर हिशेब फसतो. कंपन्यांच्या जाहिरातीत मात्र त्यांपैकी एकच आकडा ठळक अक्षरांत असतो.

आपल्या दुकानांत हा न्याय रोज चालतो. साखरेच्या पोत्यामागे सुटणारा नफा अत्यल्प, तरीही किराणा दुकान साखरेवाचून चालत नाही. कारण पोते रोज हलते आणि साखरेसाठी आलेले गिऱ्हाईक आणखी चार जिन्नस घेऊन जाते. औषध दुकानदाराला किंमत-नियंत्रणाखालील औषधांवर १६ टक्के नफा ठरवून दिलेला आहे. काही साध्या नावाच्या औषधांवर तो कितीतरी अधिक सुटतो. पण डॉक्टरांनी लिहिलेली गोळी दुकानात नसेल तर गिऱ्हाईकच पायरी उतरते. थोडा नफा आणि फार खप, की फार नफा आणि थोडा खप, हा निर्णय प्रत्येक फळीवर वेगळा होतो. लिंकांच्या बाबतीतही तसाच व्हावा.

खपाचे प्रमाण कोठून येते?

कन्व्हर्जन ही कंपनीची मालमत्ता नव्हे. ते तीन गोष्टींच्या मेळातून जन्मते : वस्तू, पाहणारा आणि वेळ.

पाहणारा कोण आहे हे प्रथम ओळखावे. शिरूरजवळ रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे दूरगावांहून येऊन भाड्याच्या खोलीत संसार मांडणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांना गादी, मिक्सर, पंखा, गॅसची शेगडी यांची गरज पडते. अशांसमोर महागड्या संगणकीय सेवेची लिंक ठेवणे म्हणजे आंधळ्यापुढे आरसा. दौंडचे चित्र निराळे. तेथे रेल्वेचा नोकरवर्ग, राज्य राखीव पोलीस दलातील कुटुंबे, कुरकुंभ वसाहतीत कामाला जाणारे, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले. पुस्तके, अभ्याससाहित्य, प्रवासाच्या बॅगा यांना तेथे मागणी असू शकते. एकच योजना शिरूरच्या मुलाला चालेल आणि दौंडच्या मुलाला चालणार नाही, हे यामुळेच घडते.

वेळेचे महत्त्व तर शेतीप्रधान गावांना सांगावयास नकोच. उसाचे गाळप सुरू झाले की पैसा फिरू लागतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रास्त दराची रक्कम द्यावी असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, आणि ती रक्कम हाती येईल तसतशी बाजारपेठ जागी होते. उन्हाळ कांदा निघाला आणि भाव बरा असला की लग्नसराईची खरेदी वाढते. भाव पडला की तेच गिऱ्हाईक दुकानाकडे पाहतही नाही. म्हणून भाद्रपदात आजमावलेल्या योजनेची चैत्रातील योजनेशी तुलना करणे अयोग्य. दोन योजना पारखायच्या असतील तर त्या एकाच काळात, एकाच प्रकारच्या लोकांपुढे ठेवाव्यात. आणि हेही सांगावेसे वाटते की, पर्युषणाच्या दिवसांत समाजाच्या गटावर खरेदीच्या लिंका टाकणे शोभतही नाही आणि त्या खपतही नाहीत.

थोड्या आकड्यांवर विसंबू नये, हीदेखील महत्त्वाची गोष्ट. पन्नास जणांनी लिंक पाहिली आणि दोघांनी खरेदी केली, म्हणून शंभरात चारांचे प्रमाण ठरले असे होत नाही. ते दोघे कदाचित मामा आणि मावशी असतील. हजार भेटींत दहा विक्री झाल्या, तरी पुढच्या हजारांत केवळ योगायोगाने त्या चारपासून सोळापर्यंत कितीही होऊ शकतात. निदान दोन-तीन महिने नोंद ठेवावी आणि मगच निवाडा करावा.

अटींच्या बारीक अक्षरांत दडलेला टक्का

हुंडी स्वीकारण्यापूर्वी मुदत, नाव आणि सही पाहण्याची आपली रीत होती. योजना स्वीकारतानाही तेवढीच चिकित्सा हवी. पाच गोष्टी अवश्य पाहाव्यात.

पहिली, लिंकची मुदत. आपल्या लिंकवरून गेलेला माणूस लगेच खरेदी करतोच असे नाही. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ही मुदत साधारण २४ तासांची आहे. अन्य काही योजनांत ती ३० दिवसांची किंवा त्याहून अधिक असते. मिक्सर माणूस त्याच दिवशी घेतो, पण सोफा घेताना घरात चार दिवस चर्चा होते. विचार करून घेण्याच्या वस्तूसाठी अल्प मुदत म्हणजे खपलेला मालही दुसऱ्याच्या नावे जमा.

दुसरी, कमिशन कशावर आहे. मालाच्या मूळ किमतीवर, की कर व वाहतूक धरून? सर्व वस्तूंवर, की ठरावीक वर्गावर? मोबाईलसारख्या जोरात खपणाऱ्या वस्तूंवर दर बहुधा सर्वांत कमी असतो, आणि जाहिरातीतील मोठा आकडा भलत्याच वस्तूचा असतो.

तिसरी, पैसे कधी व किती साठल्यावर मिळतात. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत कंपनी कमिशन रोखून धरते. त्यामुळे दोन महिने थांबणे ही नेहमीची गोष्ट. शिवाय ठरावीक रक्कम साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. दहा योजनांत प्रत्येकी दोनशे रुपये अडकले, तर वहीत दोन हजार दिसतात आणि हातात एक रुपयाही येत नाही. येणे आणि जमा यांतील फरक व्यापाऱ्याला वेगळा सांगावयास नको.

चौथी, काय करण्यास मनाई आहे. अ‍ॅमेझॉनच्या नियमांप्रमाणे स्वतःच्याच लिंकवरून स्वतःसाठी केलेल्या खरेदीवर कमिशन मिळत नाही. काही योजना खासगी संदेशांतून लिंक पाठवण्यास मनाई करतात. अट मोडल्यास साठलेली सर्व रक्कम जप्त होऊ शकते.

पाचवी, कर. कमिशनवर मुळातून होणारी करकपात, जी आपण आजवर कलम १९४एच म्हणून ओळखत आलो, तिचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला. आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंतच्या कमिशनावर ही कपात होत नाही. कपात झाली नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त झाले असे नव्हे. ते विवरणपत्रात दाखवावेच लागते. जीएसटीबाबत एक चूक घराघरांत होण्याजोगी आहे. केवळ सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीस नोंदणी लागत नाही, हे ऐकून मुलगा निश्चिंत होतो. परंतु खाते वडिलांच्या पॅनवर उघडतो, आणि त्याच पॅनवर दुकानाची नोंदणी असते. मग कमिशनाची रक्कमही त्या नोंदणीच्या हिशेबात येते आणि तिच्यावर १८ टक्क्यांचा प्रश्न उभा राहतो. म्हणून खाते कोणाच्या नावाने उघडावे हे आपल्या करसल्लागारास विचारूनच ठरवावे.

छोट्या गावातील मोठा हिशेब

येथवरचे गणित मुंबई-पुण्याच्या माणसालाही लागू आहे. परंतु शिरूर-दौंडसारख्या गावांचा एक हिशेब महानगरांत सापडत नाही. मोठ्या शहरात लिंक पाहणारे अनोळखी असतात. आज फसले तर उद्या दुसरे येतात. आपल्या गावात लिंक पाहणारा माणूस दुपारी दुकानात कापड घेण्यास येतो, संध्याकाळी स्थानकात किंवा मंदिरात भेटतो आणि पुढच्या महिन्यात आपल्याच नात्यातील मुलीसाठी स्थळ सुचवतो. त्याने आपल्या शब्दावर घेतलेली वस्तू आठ दिवसांत बिघडली, तर तो कंपनीच्या तक्रार-क्रमांकावर फोन करणार नाही. तो सरळ दुकानाच्या पायरीवर येईल आणि वडिलांना म्हणेल, "काकाजी, तुमच्या छोट्यानेच सांगितले होते हो!"

या वाक्याची किंमत किती? तीही मांडून पाहू. समजा, आपल्या परिचितांचा तीनशे जणांचा वर्ग आहे. १० टक्के देणारी, पण माल सुमार असणारी योजना घेतली. सरासरी खरेदी १,५०० रुपये. पहिल्या महिन्यात आपल्या नावावर ६ विक्री, म्हणजे ९०० रुपये. दुसऱ्या महिन्यात बोभाटा होऊन ३ विक्री, ४५० रुपये. तिसऱ्यात १, म्हणजे १५०. तीन महिन्यांचे मिळून १,५०० रुपये, आणि चौथ्या महिन्यात आपली लिंक कोणी उघडत नाही. दुसरी योजना ४ टक्के देते, माल चोख आहे, सरासरी खरेदी १,००० रुपये आणि दरमहा १५ विक्री. महिन्याला ६००, तीन महिन्यांत १,८००. आणि चौथ्या महिन्यात तेच पंधरा जण आणखी कोणाला तरी घेऊन येतात.

पहिल्या योजनेने दिलेले १,५०० रुपये हे उत्पन्न नव्हतेच. ती भांडवलातून केलेली उचल होती. आणि भांडवल होते पेढीचे नाव, जे उभे करण्यास दोन-तीन पिढ्या लागल्या. जमाखर्चात या नावाचे खाते नसते म्हणून ते संपले तरी दिसत नाही. व्यापाऱ्याची पत पैशापेक्षा आधी शब्दात असते, हे वडीलधारे सांगत, ते याच अर्थाने.

म्हणूनच आपण स्वतः न वापरलेली किंवा घरात कोणी न वापरलेली वस्तू सुचवू नये, हा साधा नियम कमाईच्या दृष्टीनेही शहाणपणाचा ठरतो. आणि या सूचनेमागे आपल्याला कमिशन मिळते, हे स्पष्ट सांगावे. कायद्यानेही ते आवश्यक झाले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना आल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कमिशन मिळते हे सांगितल्याने खप घटेल अशी भीती अनेकांना वाटते. गावातील अनुभव उलटा आहे. आडत्या आडत घेतो हे कोणाला ठाऊक नव्हते? लपवलेली दलाली मात्र उघडकीस आली की माणूस कायमचा तुटतो.

लबाडीचा मार्ग किती दूर नेतो याचे उदाहरण अमेरिकेत घडले. इबे या कंपनीच्या योजनेत काही जणांनी लोकांच्या संगणकांत त्यांच्या नकळत आपली खूण ठेवून न केलेल्या विक्रीचे कमिशन लाखो डॉलर उचलले. त्यांपैकी दोघांना २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. टक्का मिळत होता, विक्रीही कागदावर दिसत होती. खोटा होता तो फक्त मधला दुवा.

ज्या टक्क्याकडे पाहूच नये

काही योजना इतके कमिशन देतात की मन चळावे. पैसे लावून खेळण्याचे खेळ, सट्ट्याची अ‍ॅप, झटपट नफ्याच्या शेअर-टिपा, चमत्कारी औषधे. येथे एक साधे सूत्र उपयोगी पडते : असाधारण टक्का कोठून येतो? मालात एवढा नफा नसेल, तर तो गिऱ्हाइकाच्या नुकसानीतूनच येत असला पाहिजे. सट्ट्यात लावणारा हरतो, तेव्हाच कंपनी कमावते आणि आपला हिस्सा देते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. आपल्या परंपरेत सप्त व्यसनांची गणना द्यूतापासूनच सुरू होते. त्यामुळे आपल्या घरांना ही गोष्ट संसदेने सांगण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. मद्य, मांस, चामडे यांच्या योजनांचेही तसेच. दुकानाच्या फळीवर जे ठेवणार नाही, ते लिंकेतूनही विकू नये.

आपणच कमिशन देणारे असाल तर

या नाण्याची दुसरी बाजूही आपल्या घरांना जवळची आहे. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांचा गूळ, घरगुती मसाले, खाकरे, पापड असा माल आता काही जण घरपोच पाठवू लागले आहेत आणि विक्री वाढवण्यासाठी इतरांना कमिशन देऊ पाहतात. तेथेही टक्का आणि खप यांचाच प्रश्न असतो, फक्त उलट दिशेने.

समजा, ५०० रुपयांच्या गुळाच्या पेटीत माल ३५० रुपयांचा, वाहतूक ६०, बांधणी १५ आणि पैसे घेण्याचा खर्च १० रुपये. उरले ६५. त्यांतून १० टक्के, म्हणजे ५० रुपये कमिशन दिले, तर आपल्याला पेटीमागे १५ रुपये सुटतात. ५ टक्के, म्हणजे २५ दिले, तर ४०. शंभर पेट्यांवर ५ टक्क्यांच्या दराने जे ४,००० रुपये सुटतात, ते १० टक्क्यांच्या दराने मिळवण्यास सुमारे २६७ पेट्या विकाव्या लागतील. कमिशन दुप्पट केल्याने खप पावणेतीनपट होणार असेल तरच दुप्पट करावे. आणि पैसे पेटी हातात पडल्यावर घेण्याची सोय ठेवली, तर न स्वीकारता परत आलेल्या प्रत्येक पेटीचे जाण्या-येण्याचे भाडे याच १५ रुपयांतून जाते, हे विसरू नये.

वहीचे एक पान

शेवटी एक व्यवहार्य सूचना. घरातील ज्या कोणी ही नवी आडत सुरू केली असेल, त्याने तिच्यासाठी खतावणीचे स्वतंत्र पान उघडावे. प्रत्येक योजनेपुढे दरमहा सात रकाने भरावेत : लिंकवर आलेल्यांची संख्या, विक्रीची संख्या, विक्रीची रक्कम, परत गेलेला माल, लागू झालेले कमिशन, प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम आणि यासाठी दिलेले तास. शेवटचा रकाना बहुतेक जण टाळतात. महिन्याला दीड हजार रुपयांसाठी साठ तास गेले असतील, तर तासाला पंचवीस रुपये पडले. तेवढाच वेळ दुकानातील जुन्या उधारीच्या वसुलीला दिला असता तर काय झाले असते, हेही एकदा मांडून पाहावे.

तीन महिन्यांनी ते पान घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे. त्यांना कूकी म्हणजे काय हे ठाऊक नसेल; पण कोणते येणे बुडणारे आहे आणि कोणते गिऱ्हाईक टिकणारे आहे, हे ते एका नजरेत सांगतील. वडीलधाऱ्यांनीही "हे मोबाईलचे खूळ" म्हणून पान बाजूला सारू नये. गाळ्यावरची आडत मुलांना रुचत नसेल, तरी आडतीचे शहाणपण त्यांच्या हाती सोपवण्याची ही संधी आहे. टक्का कंपनी ठरवील, तो आज असेल, उद्या घटेल. शब्दावर विश्वास ठेवून पुन्हा येणारा माणूस आपला. त्याला जपणारी योजना ४ टक्क्यांची असली तरी ती निःशंकपणे निवडावी.